रॉबर्ट ॲडमसन

रॉबर्ट ॲडमसन (जन्म : २६ एप्रिल १८२१, मृत्यू : १४ जानेवारी १८४८) हे छायाचित्रणाच्या आरंभकाळातील एक अग्रगण्य स्कॉटिश छायाचित्रकार होते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज या लहानशा नगरात ते वाढले आणि कॅलोटाइप ही कागदावरील छायाचित्रणाची कला तेथेच शिकले. पुढे एडिनबरा येथे चित्रकार डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल यांच्यासह त्यांनी सुमारे साडेचार वर्षांत जवळजवळ ३,००० छायाचित्रे काढली. व्यक्तिचित्रांसाठी ही जोडी जगप्रसिद्ध आहे. सेंट अँड्र्यूजमधील रस्ते, कोळीवस्ती, भग्न कॅथेड्रल, किल्ला व महाविद्यालये यांची त्यांची छायाचित्रेही तितकीच महत्त्वाची मानली जातात. रेल्वे येण्यापूर्वीच्या आणि नगरसुधारणेच्या ऐन काळातील त्या नगराचे रूप त्यांत टिकून राहिले आहे. वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी ॲडमसन यांचे निधन झाले. त्यांच्या कार्याचे श्रेय दीर्घकाळ मुख्यतः हिल यांनाच दिले जात होते.

जन्मभूमी

सेंट अँड्र्यूज हे फाइफ परगण्यातील समुद्रकाठचे प्राचीन नगर आहे. आज ते गोल्फ या खेळासाठी व विद्यापीठासाठी ओळखले जाते. परंतु मध्ययुगात ते स्कॉटलंडची धार्मिक राजधानीच होते. येथील कॅथेड्रलची उभारणी बाराव्या शतकात सुरू झाली आणि १३१८ मध्ये राजा रॉबर्ट ब्रूस यांच्या उपस्थितीत त्याचे पवित्रीकरण झाले. ते स्कॉटलंडमधील सर्वांत मोठे चर्च होते. विद्यापीठाची स्थापना १४१३ सालची. १५५९ मध्ये धर्मसुधारक जॉन नॉक्स यांच्या प्रवचनांनंतर कॅथेड्रलमधील मूर्ती व सजावट उद्ध्वस्त करण्यात आली. पुढे वास्तू ओस पडली आणि तिचे दगड गावातील घरांच्या बांधकामासाठी नेले जाऊ लागले. नॉर्थ स्ट्रीट, मार्केट स्ट्रीट व साउथ स्ट्रीट हे नगराचे तीन प्रमुख रस्ते पूर्वेकडे, म्हणजे कॅथेड्रलच्या दिशेने जातात. यात्रेकरूंच्या वर्दळीसाठी आखलेली ही मध्ययुगीन रचना रॉबर्ट यांच्या बालपणी तशीच शिल्लक होती. वैभव मात्र ओसरले होते.

कुटुंब आणि शिक्षण

रॉबर्ट यांचा जन्म सेंट अँड्र्यूजजवळील बर्नसाइड येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव अलेक्झांडर. थोरले बंधू जॉन ॲडमसन (१८०९–१८७०) हे रॉबर्ट यांच्याहून बारा वर्षांनी मोठे. ते पेशाने वैद्य असून रसायनशास्त्राचे अभ्यासक होते.

रॉबर्ट यांचे शिक्षण साउथ स्ट्रीटवरील मद्रास कॉलेज या शाळेत झाले. स्कॉटलंडमधील शाळेस मद्रासचे नाव मिळण्यामागे भारताशी असलेला एक संबंध आहे. शाळेचे संस्थापक डॉ. अँड्र्यू बेल हे मूळचे सेंट अँड्र्यूजचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये अनाथ मुलांच्या आश्रमशाळेचे काम पाहत असताना त्यांनी पुढच्या विद्यार्थ्यांकडून मागच्या विद्यार्थ्यांना शिकवण्याची पद्धत राबवली. स्थानिक मुले वाळूत अक्षरे गिरवून शिकतात, हे पाहून त्यांना तिची प्रेरणा मिळाली, असे सांगितले जाते. ही पद्धत ब्रिटनमध्ये मद्रास पद्धत म्हणून प्रसिद्ध झाली. बेल यांच्या देणगीतून उभी राहिलेली ही शाळा १८३३ मध्ये सुरू झाली.

शाळेत रॉबर्ट यांनी गणितात विशेष प्रावीण्य दाखवले. यंत्रांची त्यांना लहानपणापासून आवड होती. शिक्षणानंतर त्यांनी एका यंत्रशाळेत उमेदवारी पत्करली. परंतु प्रकृती नाजूक असल्यामुळे ते अंगमेहनतीचे काम त्यांना झेपेना. अभियंता होण्याचा बेत सोडून ते घरी परतले. विशीतील या तरुणाला साजेसा व्यवसाय कोणता, हा कुटुंबापुढील प्रश्न होता. त्याचे उत्तर एका नव्या शोधाने दिले.

सेंट अँड्र्यूजमध्ये कॅलोटाइप

१८३९ मध्ये छायाचित्रणाचे दोन मार्ग जगापुढे आले. फ्रान्समधील लुई दागेर यांच्या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर अतिशय सुस्पष्ट चित्र उमटे. मात्र ते एकच असे, त्याच्या प्रती निघत नसत. इंग्लंडमधील विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी कागदाचा मार्ग धरला. त्यांनी १८४१ मध्ये पेटंट घेतलेल्या कॅलोटाइप पद्धतीत आधी कागदावर निगेटिव्ह तयार होई व तिच्यावरून हव्या तितक्या प्रती काढता येत. हे पेटंट इंग्लंडपुरते होते. स्कॉटलंडला ते लागू नव्हते. त्यामुळे स्कॉटलंडमध्ये कोणालाही परवाना शुल्क न भरता ही कला शिकता व वापरता आली.

टॅल्बट यांचे स्नेही सर डेव्हिड ब्रूस्टर हे त्या वेळी सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील युनायटेड कॉलेजचे प्राचार्य होते. प्रकाशशास्त्रातील संशोधनासाठी व कॅलिडोस्कोपच्या शोधासाठी ते ख्यातनाम होते. टॅल्बट त्यांना पत्रांतून आपल्या प्रयोगांची माहिती व चित्रांचे नमुने पाठवत. नगरातील साहित्य व तत्त्वज्ञान मंडळाच्या सभांतून हे नमुने दाखवले जात. ब्रूस्टर यांच्याभोवती जमलेल्या हौशी अभ्यासकांत जॉन ॲडमसन प्रमुख होते. केवळ पत्रांतील सूचनांवरून कृती जमवणे सोपे नव्हते. प्रारंभीचे अनेक प्रयत्न फसले. चिकाटीने प्रयोग करून जॉन यांनी ती साध्य केली. स्कॉटलंडमधील पहिले कॅलोटाइप व्यक्तिचित्र काढल्याचा मान त्यांच्याकडे जातो.

जॉन यांनी ही विद्या धाकट्या भावाला शिकवली. गणिताची बुद्धी, यंत्रांवरील प्रेम आणि हाताची नेटकी सवय हे रॉबर्ट यांचे गुण येथे कामी आले. १८४२ मध्ये दोघा भावांनी आपल्या कॅलोटाइपांचा एक संग्रह टॅल्बट यांच्याकडे पाठवला. या काळातील कोणते चित्र कोणत्या भावाचे, हे वेगळे करणे अभ्यासकांनाही अवघड जाते. त्याच वर्षी ब्रूस्टर यांनी टॅल्बट यांना कळवले की, रॉबर्ट एडिनबरामध्ये व्यवसाय म्हणून छायाचित्रण करण्यास तयार आहेत.

कॅलोटाइपची कृती

रॉबर्ट यांच्या कामाचे मोल कळण्यासाठी त्या कृतीतील कष्ट समजून घेणे आवश्यक आहे. उत्तम प्रतीच्या लिहिण्याच्या कागदावर प्रथम सिल्व्हर नायट्रेटचे व नंतर पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण देऊन तो वाळवला जाई. वापरण्यापूर्वी मंद प्रकाशात त्यावर सिल्व्हर नायट्रेट, ॲसिटिक आम्ल व गॅलिक आम्ल यांचे मिश्रण कुंचल्याने फिरवत. यामुळे कागद प्रकाशास संवेदनशील होई. तो कॅमेऱ्यात बसवून प्रकाशमानाप्रमाणे काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत भिंग उघडे ठेवावे लागे. बाहेर काढलेल्या कागदावर काहीच दिसत नसे. पुन्हा त्याच मिश्रणाचा हात दिल्यावर निगेटिव्ह हळूहळू प्रकट होई. ती स्थिर करून, धुऊन व मेण लावून पारदर्शक केली जाई. मग मीठ व चांदीचे क्षार दिलेल्या दुसऱ्या कागदावर तिला दाबून धरून सूर्यप्रकाशात प्रत काढली जाई.

या प्रत्येक पायरीवर चूक होण्याचा धोका होता. कागदातील एखादा धातूचा कण किंवा पाण्यातील अशुद्धी चित्रावर डाग पाडी. कुंचल्याचा फटकारा असमान पडला तर त्याचा ओरखडा आकाशात उमटे. हवामानाचा तर भरवसाच नसे. निळ्या रंगास हा कागद अतिसंवेदनशील असल्यामुळे आकाश बहुधा पांढरेफटक येई. कागदाच्या तंतूंमुळे बारीक तपशील किंचित विरघळत आणि छायेचे मोठे पुंजके तयार होत. हा दोष रॉबर्ट यांच्या हाती गुण ठरला. जुन्या भिंतीचा खडबडीतपणा, कमानीखालचा गडद अंधार आणि उन्हात उजळलेला दगड यांचा विरोध त्यांच्या प्रतींत विलक्षण ताकदीने येतो.

एडिनबरा आणि हिल यांच्याशी भागीदारी

१० मे १८४३ रोजी रॉबर्ट एडिनबराला आले. कॅल्टन टेकडीवरील रॉक हाउस या घरात त्यांनी आपला स्टुडिओ थाटला. टेकडीच्या उतारावरील या घराला दिवसाचा मोठा भाग ऊन मिळे. पुढे काही दिवसांतच, १८ मे रोजी, चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये मोठी फूट पडली. धर्मोपदेशकांच्या नेमणुकीत जमीनदारांचा व शासनाचा हस्तक्षेप नको, या भूमिकेतून ४५० हून अधिक धर्मोपदेशकांनी आपली पदे, घरे व वेतने सोडली आणि फ्री चर्चची स्थापना केली.

चित्रकार डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल (१८०२–१८७०) हे या घटनेने भारावून गेले. या ऐतिहासिक प्रसंगाचे भव्य चित्र रंगवण्याचे त्यांनी ठरवले. परंतु शेकडो माणसे गावोगावी पांगण्याआधी त्यांचे चेहरे टिपायचे कसे, ही अडचण होती. ब्रूस्टर यांनी त्यांना रॉबर्ट यांच्याकडे जाण्यास सुचवले. चित्रासाठी नमुने मिळवणे एवढाच प्रारंभी हेतू होता. थोड्याच दिवसांत तो मागे पडला आणि छायाचित्रण हेच दोघांचे मुख्य कार्य बनले. हिल यांचे ते चित्र पूर्ण व्हायला १८६६ साल उजाडले.

दोघांची वये, स्वभाव व पार्श्वभूमी भिन्न होती. हिल चाळिशीचे, मनमिळाऊ व कलाविश्वात प्रतिष्ठित होते. रॉबर्ट २२ वर्षांचे, अबोल व प्रकृतीने अशक्त होते. हिल मुख्यतः माणसे बसवत व रचना ठरवत. कॅमेरा, भिंग, रसायने व वेळेचा अंदाज हे रॉबर्ट यांचे क्षेत्र होते. ऊन आवश्यक असल्याने व्यक्तिचित्रे घराबाहेर अंगणातच घेतली जात. पडदे, पुस्तके व खुर्च्या मांडून खोलीचा आभास निर्माण केला जाई. स्टुडिओत जेसी मान या साहाय्यक म्हणून काम करत. छायाचित्रणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आरंभीच्या स्त्रियांत त्यांची गणना होते.

सेंट अँड्र्यूजची छायाचित्रे

एडिनबरामध्ये जम बसल्यावरही रॉबर्ट यांचा जन्मगावाशी संबंध तुटला नाही. हिल यांच्यासह ते तेथे छायाचित्रे घेण्यासाठी गेले. हा प्रवास सोपा नव्हता. सेंट अँड्र्यूजला रेल्वे १८५२ मध्ये पोहोचली. त्यापूर्वी फोर्थची खाडी ओलांडून पुढे घोडागाडीने जावे लागे. लाकडी कॅमेरा, तिवई, कागद व रसायने हे सारे सामान बरोबर न्यावे लागे. १८४६ मध्ये या जोडीने सेंट अँड्र्यूजच्या कॅलोटाइप दृश्यांचा एक संग्रह प्रकाशित केला. त्यात छापील चित्रे नव्हती, तर प्रत्यक्ष छायाचित्रांच्या प्रती चिकटवलेल्या होत्या. एखाद्या नगराला वाहिलेल्या छायाचित्रसंग्रहांपैकी हा अगदी आरंभीचा होय.

सेंट अँड्र्यूजच्या चित्रांचे स्थूलमानाने दोन गट पाडता येतात.

पहिला गट ऐतिहासिक वास्तूंचा. कॅथेड्रलचे भग्न अवशेष, त्याच्या शेजारचा सुमारे ३३ मीटर उंचीचा सेंट रूलचा मनोरा, मठाच्या आवारात जाणारी पेंड्स ही चौदाव्या शतकातील कमानदार वेस, समुद्रकड्यावरील किल्ला, १४५० मध्ये स्थापन झालेल्या सेंट साल्व्हेटर महाविद्यालयाचे चर्च यांचा त्यात समावेश होतो. साउथ स्ट्रीटवरील ब्लॅकफ्रायर्स या जुन्या मठाच्या प्रार्थनागृहाचा उरलेला तुकडाही त्यांनी टिपला. हा अवशेष मद्रास कॉलेजच्या जुन्या इमारतीच्या दर्शनी आवारातच उभा आहे. शाळेत जाता-येता रॉबर्ट यांच्या तो रोज दृष्टीस पडत असे.

या वास्तूंची रेखाचित्रे व खोदचित्रे पूर्वीही निघाली होती. तथापि चित्रकार आपल्या कल्पनेने वेली वाढवत, मनोरे उंच करत, ढग घालत. कॅलोटाइपने ढासळलेला दगड ढासळलेल्या स्थितीतच दाखवला. कोणत्या भिंतीचा कोणता थर त्या वर्षी शिल्लक होता, हे या प्रतींवरून ताडता येते. समुद्राच्या माऱ्याने सतत झिजणाऱ्या किल्ल्याच्या बाबतीत ही नोंद विशेष मोलाची ठरते.

दुसरा गट रस्त्यांचा व बंदराचा. त्यातील सर्वांत प्रसिद्ध चित्र नॉर्थ स्ट्रीटच्या पूर्व टोकाच्या कोळीवस्तीचे आहे. रस्त्यावर उतरणारे दगडी जिने असलेल्या घरांपुढे स्त्रिया व मुले बसली आहेत. भोवती टोपल्या व गळांच्या लांब दोऱ्या आहेत. पुरुष समुद्रावर जाण्यापूर्वी शेकडो गळांना शिंपल्यांतील जिवाचे आमिष लावून ठेवणे हे कोळी कुटुंबांतील बायकामुलांचे रोजचे काम असे. कोणत्याही राजवाड्याचे वा उत्सवाचे हे चित्र नाही; ते एका कष्टकरी वस्तीच्या कामाच्या वेळेचे आहे.

त्या काळी चालता-बोलता रस्ता टिपणे शक्य नव्हते. भिंग उघडे असताना जो हलला तो एकतर धूसर होई किंवा पूर्णपणे नाहीसा होई. म्हणूनच आरंभीच्या अनेक छायाचित्रांत नगरे निर्मनुष्य दिसतात. नॉर्थ स्ट्रीटच्या चित्रात इतकी माणसे दिसतात, याचा अर्थ ती सारी त्या काही क्षणांपुरती निश्चल बसली होती. मुलांसह एवढ्या जमावाने असे सहकार्य करणे हे छायाचित्रकार व वस्ती यांच्यातील विश्वासाखेरीज घडणे कठीण होते. रॉबर्ट हे परके नव्हते. गावातील वैद्यांचे ते भाऊ होते.

बदलते नगर

ही छायाचित्रे घेतली जात असताना सेंट अँड्र्यूज झपाट्याने बदलत होते. भारतात बंगालच्या तोफखान्यात अधिकारी राहिलेले ह्यू लायन प्लेफेअर निवृत्तीनंतर या नगरात स्थायिक झाले आणि १८४२ मध्ये प्रोव्होस्ट, म्हणजे नगराध्यक्ष झाले. १८६१ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते त्या पदावर होते. त्यांनी रस्त्यांची स्वच्छता, फरसबंदी व दिवाबत्ती हाती घेतली आणि वाटेत येणारी जुनी बांधकामे हटवली. साउथ स्ट्रीटच्या टोकावरील वेस्ट पोर्ट या सोळाव्या शतकातील वेशीचे नूतनीकरण १८४३ ते १८४५ या काळात झाले. आजचे नीटनेटके सेंट अँड्र्यूज घडवण्यात प्लेफेअर यांचा वाटा मोठा आहे.

प्लेफेअर स्वतः कॅलोटाइपच्या हौशी मंडळातील होते. म्हणजे ज्या गृहस्थांनी जुने नगर बदलले, ते व ज्यांनी ते टिपून ठेवले, ते रॉबर्ट एकाच वर्तुळातील होते. नगरसुधारणा लोकांच्या आरोग्यासाठी आवश्यकच होती; परंतु तिच्याबरोबर मध्ययुगीन रस्त्यांचे जुने वळण पुसले जाणार होते. ते पुसले जाण्याआधी व जात असताना कागदावर उतरले, हे रॉबर्ट यांच्या कार्याचे स्थानिक इतिहासातील मोल होय.

अन्य कार्य

एडिनबराजवळील न्यूहेवन या कोळीगावाची या जोडीची छायाचित्रे जगभर नावाजली गेली. टोपल्या वाहणाऱ्या कोळिणी, नावेला टेकलेले कोळी, समुद्रकिनारी जमलेली मुले यांची ही चित्रे समाजजीवनाचे दस्तऐवज मानली जातात. १८४४ मध्ये दोघांनी कोळी जीवन, हायलँड भागातील लोक व पोशाख, एडिनबरा व ग्लासगो येथील वास्तू, स्कॉटलंडमधील जुने किल्ले व मठ आणि नामवंत स्कॉट व्यक्ती अशा सहा ग्रंथांची योजना जाहीर केली होती. ती प्रत्यक्षात आली नाही. एडिनबरामधील ग्रेफ्रायर्स दफनभूमी व बांधकाम चालू असलेले स्कॉट स्मारक, तसेच यॉर्क व डरहॅम येथील कॅथेड्रले यांचीही छायाचित्रे त्यांनी घेतली.

भारताशी निगडित काही व्यक्तीही त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसल्या. मुंबईतील ज्यांच्या शाळेतून पुढे विल्सन महाविद्यालय उदयास आले, ते मिशनरी व प्राच्यविद्यापंडित डॉ. जॉन विल्सन हे १८४३ मध्ये मायदेशी गेले होते. त्यांचे, तसेच त्यांच्याबरोबर स्कॉटलंडला गेलेले मुंबईचे धनजीभाई नौरोजी यांचे कॅलोटाइप उपलब्ध आहेत. अफगाणिस्तानातील घडामोडींत दुभाषा व मुत्सद्दी म्हणून वावरलेले मोहनलाल काश्मिरी यांचेही छायाचित्र १८४४ मध्ये घेतले गेले. छायाचित्रात टिपल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या भारतीयांत या दोघांची गणना करावी लागते.

आजार आणि मृत्यू

सतत रसायनांत काम, थंडी-वाऱ्यात बाहेर उभे राहणे आणि साडेचार वर्षांत हजारो निगेटिव्ह हाताळण्याचा ताण मूळच्या नाजूक प्रकृतीला सोसणारा नव्हता. १८४७ च्या अखेरीस रॉबर्ट यांची प्रकृती खालावली आणि ते सेंट अँड्र्यूजला आपल्या कुटुंबाकडे परतले. १४ जानेवारी १८४८ रोजी त्यांचे निधन झाले. कॅथेड्रलच्या आवारातील दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. ज्या मनोऱ्याची व भग्न भिंतींची छायाचित्रे त्यांनी काढली होती, त्यांच्याच सान्निध्यात त्यांची समाधी आहे.

श्रेयाचा प्रश्न

रॉबर्ट यांच्या निधनानंतर हिल यांनी छायाचित्रण जवळजवळ थांबवले. सुमारे १८६० च्या सुमारास त्यांनी दुसऱ्या एका छायाचित्रकाराबरोबर पुन्हा प्रयत्न केला. पण त्या चित्रांना पूर्वीची उंची लाभली नाही. तरीही पुढील काळात हे सारे कार्य हिल यांच्या नावावर जमा होत गेले. हिल दीर्घायुषी व प्रसिद्ध होते, रॉबर्ट अकाली गेले. शिवाय चित्रकार म्हणजे कलावंत आणि कॅमेरा चालवणारा म्हणजे कारागीर, अशी तत्कालीन समजूत होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेम्स क्रेग ॲनन यांनी जुन्या निगेटिव्हवरून नव्या प्रती काढल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड स्टिग्लिट्स यांनी न्यूयॉर्कच्या कॅमेरा वर्क या नियतकालिकात ही चित्रे छापली. १९३१ मध्ये हाइनरिख श्वार्त्स यांचा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी वाल्टर बेन्यामिन यांनी छायाचित्रणाच्या इतिहासावरील आपल्या निबंधात न्यूहेवनच्या कोळिणीच्या चित्राची चर्चा केली. या सर्व लेखनात हिल हेच केंद्रस्थानी होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सारा स्टीव्हन्सन आदी संशोधकांनी मूळ निगेटिव्ह व पत्रव्यवहार यांचा अभ्यास केला. त्यानंतर भागीदारीतील रॉबर्ट यांचे समान स्थान मान्य झाले.

या प्रश्नात सेंट अँड्र्यूजची चित्रे महत्त्वाचा पुरावा ठरतात. हिल यांची भेट होण्यापूर्वीच रॉबर्ट या नगरात कॅमेरा घेऊन काम करत होते. प्रकाश केव्हा कोठून येतो, कागदाला किती वेळ द्यावा, छायेचा भाग कसा राखावा, हे ते तेथेच शिकले. त्यांची दृष्टी केवळ चित्रकाराच्या सूचनांवर घडली नव्हती.

वारसा

जॉन ॲडमसन यांनी वैद्यकी सांभाळून छायाचित्रण चालू ठेवले आणि थॉमस रॉजर (१८३२–१८८३) या तरुणाला ही कला शिकवली. रॉजर यांनी १८४९ मध्ये सेंट अँड्र्यूजमध्ये व्यावसायिक स्टुडिओ सुरू केला व पुढील तीन दशके नगराची आणि तेथील माणसांची छायाचित्रे घेतली. अशा रीतीने रॉबर्ट यांच्या गावातील छायाचित्रणाची परंपरा अखंड राहिली. आकाराने इतक्या लहान असलेल्या नगराचे इतक्या आरंभापासूनचे छायाचित्रांकन क्वचितच आढळते.

मिठाच्या कागदावरील प्रती प्रकाशाने फिकट होतात, म्हणून त्या फार जपाव्या लागतात. हिल–ॲडमसन यांच्या कार्याचे महत्त्वाचे संग्रह एडिनबरा येथील स्कॉटिश नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी, ग्लासगो विद्यापीठ व सेंट अँड्र्यूज विद्यापीठ येथे आहेत. २०१७ मध्ये स्कॉटिश नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत या जोडीच्या कार्याचे विशेष प्रदर्शन भरले होते.

पेंड्सची वेस, सेंट रूलचा मनोरा व किल्ला आजही उभे आहेत. नॉर्थ स्ट्रीटच्या पूर्व टोकाची कोळीवस्ती मात्र उरलेली नाही. गळांच्या दोऱ्या घेऊन जिन्यांपुढे बसलेल्या तेथील स्त्रिया व मुले आता केवळ या कॅलोटाइपमध्येच पाहावयास मिळतात.